मागे मागे चालणाऱ्या बाया

एका मंगळवारी सकाळी माझा धाकटा भाऊ गेला. त्याची फिल्म अर्धी राहिली होती.

ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये बसून तो इंटरनेटवरून जुन्या, आता कुणाच्याच मालकीच्या न उरलेल्या चित्रफिती उतरवायचा आणि त्यांतून नव्या फिल्म घडवायचा. एकेका तुकड्यापाशी आठवडाभर थांबे. मी पुस्तकाच्या पानापाशीही इतकी कधी थांबले नाही. पडद्याच्या कडेला क्षणभर दिसून जाणारी माणसं मला त्याच्यामुळे दिसली.

ही फिल्म धानाच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या बायांची होती. मूळ फीत मुकी. बाया मागे मागे सरकत होत्या, म्हणून फीत उलटी चढवली गेली असावी असं त्याला वाटलं. त्यानं ती फिरवून घेतली. बाया पुढे चालू लागल्या आणि रोपं चिखलातून हातात येऊ लागली. लावणीआधी, म्हणजे इकडच्या रोवणीआधी, वाफ्यातली कोवळी रोपं, पऱ्हे, उपटतात हे त्यानं ऐकलं होतं. हे तेच, असं तो म्हणाला. मलाही पटलं. आम्ही दोघं क्वार्टरमध्येच वाढलेलो.

मुक्या फितीसाठी बायांचे आवाज टिपायला आम्ही ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात गेलो. समाजमंदिराच्या भिंतीवर फीत सुरू झाली आणि बायांमध्ये हशा पिकला.

"काऊन जी भाऊ, लावलेला धान उपटून राह्यल्या का ह्या?"

"पऱ्हे असे एकेक उपटत बसलं तं रोवणी दिवाळीले होईन!"

एक म्हातारी पुढे आली. "रोवताना मांगंच सराव लागते. पुढं गेलं तं आपलाच रोवणा तुडवला जाते. तुमची बिजली जात असन पुढं."

सगळ्यांत जास्त माझा भाऊ हसला. "सुधारून आणतो," त्यानं शब्द दिला. पण चूक झाकायची नाही, असंही ठरवलं. आधी उलटी फीत, तिच्यावर बायांची ती थट्टा. मग सरळ फीत. उलटा भाग जोडून झाला आणि तो गेला. तेवढंच राहिलं असतं तर त्या बाया कायम लावलेलं उपटतच राहिल्या असत्या.

क्रम त्याच्या वहीत होता. त्याच्या कॉम्प्युटरवर मी हळूहळू काम शिकले आणि सरळ भाग जोडला. रोवणी आटोपल्यावर त्याच भिंतीवर फिल्म दाखवली. संपल्यावर म्हातारी भिंतीजवळ आली. मग म्हणाली, "आता बराबर हाये, बाई. भावानं आयकलं आमचं."

फिल्म पूर्ण आहे. वही माझ्याकडे आहे.