दोघांत चौदा

महेश्वरीची ती काठी रुद्रेशनं स्वतःच्या हातांनी घासली होती, आणि हेच त्याला सगळ्यांत जास्त सलत होतं.

बोरीत बसस्टँडच्या मागं त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात. तो आतली काळी पडलेली तार उकलतो आणि नवी भरतो. मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी त्याचे वडील, गुरुसिद्धप्पा, धोतराचा सोगा सावरत दुकानात आले आणि पोत्यात गुंडाळलेली गोल्फची एक काठी त्यांनी टेबलावर ठेवली. तिरप्या, रुंद तोंडाची. वेज म्हणतात तिला. चेंडू लांब पळवायला ती नसते; उंच उचलून जवळच अलगद ठेवायला असते.

"हिचं बुड घासून दे," अप्पा म्हणाले. "लय जाड हाय. आपल्या माळावर आपटून उडती अन् चेंडूच्या टाळक्यात बसती."

रुद्रेशचा चेंडू गेला महिनाभर असाच पळत होता. अप्पांच्या ध्यानात आलंय तर, असं त्याला वाटलं. गिऱ्हाईक बाजूला बसवून त्यानं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडत होत्या, लोखंड तापलं की तो पाणी मारत होता, पुन्हा घासत होता. वीज गेली तोवर तळाचा पुढचा भाग सुरीसारखा पातळ झाला होता. अप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला, "ठीक" म्हणाले, घरी गेले आणि ती काठी त्यांनी सुनेच्या, महेश्वरीच्या, हातात दिली. घरात तिचं नाव पातळी पडलं.

"ठीक" हा शब्द रुद्रेशला लहानपणापासून पाठ होता. अप्पांची सगळी नोकरी हैदराबादेत एका गोल्फच्या मैदानावर गवत राखण्यात गेली. निवृत्त होऊन बोरीला आले तेव्हा साहेबलोकांनी टाकून दिलेल्या काठ्यांची एक बॅग बरोबर होती. गावाबाहेर त्यांच्या वाटणीला मुरमाड माळ आलेला. तिथं तूरही धड यायची नाही. अप्पांनी त्यावर चार होल पाडले. खड्ड्यांत तेलाचे रिकामे डबे पुरले आणि भोवती वाळू पसरून तिच्यावर मोटरीचं जळकं तेल मुरवलं, म्हणजे चेंडू सरळ घरंगळावा. शेळ्या येऊन बसायच्या, त्यांना हुसकून खेळ सुरू व्हायचा. गावाला वर्षभर हसू आलं, मग सवय झाली.

रुद्रेश तिथं रोज संध्याकाळी खेळायचा. त्याला जोर होता. त्याचा चेंडू माळ ओलांडून शेजाऱ्याच्या कपाशीत जायचा आणि अप्पा म्हणायचे, "ठीक."

महेश्वरी सोनपेठची. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती माळावर फक्त चहाची किटली घेऊन यायची. एकदा अप्पांच्या पायाशी चेंडू आला, त्यांनी सहज म्हटलं, "पोरी, मार बघू इकडून." तिनं पदर खोचला, काठी धरली आणि चेंडू उचलून डब्याजवळ टाकला. माहेरी ज्वारीवरची पाखरं उडवायला तिनं पोरवयात गोफण फिरवली होती. झटका कुठं सोडायचा ते तिच्या मनगटाला ठाऊक होतं. अप्पा खुर्चीतून उठले. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखायचे, तरी उठले.

"क्या बात है," ते म्हणाले.

रुद्रेश तिथंच उभा होता. बायकोचं कौतुक झालं म्हणून त्याला आनंद झाला. निदान त्यानं चेहरा तरी तसा केला.

या पौषात हैदराबादेहून अप्पांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. मैदान सोमवारी बंद असतं. त्या दिवशी जुन्या कामगारांच्या घरच्या माणसांसाठी जोड्यांचा सामना ठेवला होता. नऊ होल. जोडीला चेंडू एकच, मारायचा आळीपाळीनं. एक होल एकानं सुरू करायचा, पुढचा दुसऱ्यानं. अप्पांना आता चालवत नव्हतं.

"तुमी दोघं जा," ते म्हणाले. रुद्रेशला ऐकू आलं ते असं, की तिला घेऊन जा.

आदल्या दिवशी सकाळी ओसरीवर सतरंजी अंथरून सगळ्या काठ्या मांडल्या. अप्पांच्या जुन्या, शिवाय रुद्रेशनं मोबाइलवर बघून मागवलेल्या. त्यात त्याचा ड्रायव्हरही होता. सगळ्यांत लांब दांड्याचा, काळ्या चकचकीत डोक्याचा. पहिला फटका लांब मारायला असतो तो. रुद्रेशची आई, भागम्मा, शेंगा फोडत बसली होती.

"ह्येचं डोस्कं तर तांब्याएवढं हाय," ती म्हणाली. "आंघोळीला घेतो का काय?"

"आई, तू शेंगा फोड."

"बॅगेत चौदा," अप्पांनी सांगितलं. "जोडी असली तरी दोघांत मिळून चौदाच. पंधरावी सापडली की दंड."

पहिल्या काही काठ्या सहज निघाल्या. सारख्या नंबरच्या दोन होत्या, त्यांतली एक गेली. वाकलेली एक गेली. मग रुद्रेश एकेक उचलू लागला: ही मला लागंल, हीबी लागंल, ही वारा असला तर. महेश्वरी हात मांडीवर ठेवून बघत होती.

"तुला कुठल्या?" अप्पांनी विचारलं.

"सात नंबर, पातळी अन् ढकलायचा पटर. बस." मग नवऱ्याकडं बघून, "बाकी तुमाला लागतील त्या घ्या की."

रुद्रेशला हे टोचलं. तिनं भांडून पाच मागितल्या असत्या तर त्यानं दोन दिल्या असत्या आणि बरं वाटून घेतलं असतं. तीनच मागणाऱ्या माणसापुढं अकरा घेऊन बसलेला माणूस कसा दिसतो, ते त्याला दिसत होतं.

त्यानं पातळी उचलली. तळावर स्वतःच्याच घासण्याच्या रेघा होत्या.

"ही तिकडं चालायची न्हाई," तो म्हणाला. "तिकडं बंकर हायत, खऱ्या मऊ वाळूचे खड्डे. ही कुदळीसारखी रुतून बसंल. तिकडं जाड बुडाचीच पायजे."

भागम्मानं शेंग फोडायची थांबवली.

"आता तिची काठीबी डोळ्यात खुपायली का रे तुझ्या?"

"आत्या, तसं न्हाई ते," महेश्वरी म्हणाली, पण तिचा हात नकळत पातळीच्या दांड्यावर गेला होता.

रुद्रेशचे कान तापले. तो खरं तेच बोलला होता. पण खरं बोलताना आतून एक गोड कळ आली होती, तीही खरी होती. आपण नेमकं कशासाठी बोललो, हे त्यालाच सांगता आलं नसतं.

"बरोबर बोलला तो," अप्पा म्हणाले.

रुद्रेशनं वर पाहिलं.

"बिलकुल बरोबर. मी तिथं उमर घालवली. वाळूत पातळी रुतती. पातळी राहू द्या, बाहेरच्या कडक जागेला लागंल. पर जाड बुडाचीबी टाका. मग एक काढावी लागंल."

आणि अप्पांची नजर ड्रायव्हरवर गेली. पाठोपाठ महेश्वरीची. भागम्माचीसुद्धा.

"तिथं दोन्ही बाजूंनी झाडी हाय," अप्पा हळूच म्हणाले. "लांबीपेक्षा सरळ गेलेला बरा. पहिल्या फटक्याला तीन नंबर पुरंल तुला."

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते आत्ता मिळालं होतं, आणि लगेच त्याची किंमत समोर ठेवली गेली होती. ड्रायव्हर सोडून रुद्रेशजवळ असं काय होतं, जे महेश्वरीजवळ नव्हतं? तो लांब मारायचा. एवढंच. ते बॅगेतून काढलं तर हैदराबादेत तो तिची बॅग उचलणारा हमाल.

"चौदा झाल्या," तो म्हणाला. जाड बुडाची वेज त्यानं स्वतः उचलली, खोलीत नेऊन कोपऱ्यात टेकवली आणि येऊन बॅगेची चेन ओढली. वाद जिंकलेला माणूस आपला मुद्दा स्वतःच घरी ठेवून निघाला, हे सगळ्यांनी बघितलं. अप्पांनी चष्मा काढून पुसला.

मैदानावर पाऊल ठेवलं तेव्हा महेश्वरी एकदम थांबली. इतकं गवत तिनं पाहिलंच नव्हतं. दहिवर अजून उडालं नव्हतं. कॅनव्हासचे बूट भिजून काळे झाले. "मामांनी हे राखलं?" ती पुटपुटली. ती वाकली आणि तळहात गवतावरून फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. रुद्रेशलाही वाकावंसं वाटलं, पण ती आधी वाकली होती.

पहिले दोन होल बरे गेले. तिसऱ्याला सुरुवात त्याची होती. ड्रायव्हर फिरला, चेंडू लांब, फार लांब गेला. मागच्या जोडीतल्या कुणीतरी शिट्टी वाजवली. रुद्रेशची मान ताठ झाली. मग चेंडू उजवीकडं वळला आणि त्या बाजूच्या वाळूच्या खड्ड्यात जाऊन पडला.

आता पाळी तिची. ती बंकरमध्ये उतरली, पातळी धरली. माळावर मारायची तसंच मारलं. काठीची धार वाळूत घुसली ती घुसलीच. चेंडू वीतभर सरकून तिथंच राहिला. तिच्या मनगटाला झटका बसला.

"तुमी म्हणला होता," ती वर बघून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती फक्त कबूल करत होती.

उन्हात कुणी पाण्याचा हबका मारावा तसं रुद्रेशला गार वाटलं. एवढंच, क्षणभर. कारण नियमानं आता पाळी त्याची होती, खड्डा तोच होता, काठी तीच. त्यानं सगळा जोर लावून मारलं. वाळूचा फवारा त्याच्याच तोंडावर आला. तिसऱ्या खेपेला तिनं कसाबसा चेंडू बाहेर काढला. त्या होलवरच त्यांची जोडी मागं पडली.

पुढं गर्दी झाली होती; प्रत्येक होलवर थांबावं लागायचं. त्या थांबण्यात महेश्वरी बाजूला जाऊन पातळी हवेत फिरवत राहायची. तिचं तोंड थोडं उताणं करायची, फिरवायची. आणखी उताणं, पुन्हा फिरवायची. आधी रुद्रेशला ते नाटक वाटलं. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. तळाची पुढची बाजू त्यानं घासली होती. मागची तशीच जाड राहिली होती, कारण त्या दुपारी वीज गेली आणि पुढं त्यानं आळस केला. काठी उताणी धरली की ती मागची बाजू खाली येते. ही बाई त्याच्या अर्धवट राहिलेल्या कामात वाट शोधत होती, आणि तिला ती कुणी सांगितली नव्हती.

नववा होल आखूड होता. सुरुवात त्याची. तीन नंबर घ्यावा, असं त्याला वाटलं. हात ड्रायव्हरवर गेला. त्या दिवसाचा सगळ्यांत सुंदर फटका. चेंडू झाडांच्या शेंड्यांवरून गेला, होलच्या गवतापर्यंत पोचला आणि शेवटच्या क्षणी कडेच्या बंकरमध्ये उतरला.

महेश्वरी खाली उतरली. बूट वाळूत घट्ट रोवले. पातळीचं तोंड पार आभाळाकडं केलं. रुद्रेश काठावर उभा होता आणि त्याच्या मनात दोन्ही एकदम होतं: निघू दे, आणि नको निघू दे. ती घाईनं मारत नव्हती. काठी आली ती चेंडूच्या आधी वाळूला लागली, पण घुसली नाही. ताटातलं पीठ हातानं सारावं तशी सरकली. वाळूचा पातळ पडदा उठला आणि त्यातून चेंडू वर आला, अगदी सावकाश, जणू त्याला खाली यायची गरजच नव्हती. मग गवतावर टेकला, एकदा उडाला, आणि होलपासून वीतभर अंतरावर थांबला.

कुणी शिट्टी वाजवली नाही. मागची जोडी झाडांआड होती. हे बघितलं ते फक्त रुद्रेशनं.

उरलेला वीतभराचा चेंडू त्याच्या वाट्याला आला. त्यानं तो पटरनं आत ढकलला. त्यांची जोडी कुठंतरी मधल्या नंबरावर आली. चहा आणि समोसे मिळाले.

परतीच्या गाडीत बसल्यावर त्यानं घरी फोन लावला. महेश्वरीला दिला तर तिनं मान हलवली. "तुमीच सांगा. मला माझं सांगता यायचं न्हाई." ती संत्रं सोलू लागली.

"वाळूत काय केलं तिनं?" अप्पांनी पहिलंच विचारलं. ड्रायव्हरचं विचारलं नाही.

रुद्रेशनं सांगायला सुरुवात केली. बूट कसे रोवले, तोंड किती उताणं केलं, वाळू कशी उठली. सांगता सांगता त्याला कळत होतं की आपण फार नीट सांगतोय. हेवा करणाऱ्या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. पलीकडं अप्पांचा श्वास ऐकू येत होता.

"मग? किती अंतरावर थांबला?"

"दोन हातांवर," रुद्रेश म्हणाला.

संत्रं सोलणारा हात थबकला. मग साल पुन्हा निघू लागली. महेश्वरी खिडकीबाहेर बघत होती. मळ्यांवर ऊन उतरत होतं.

"एकदा पुन्हा सांग," अप्पा म्हणाले. "आहिस्ता. पहिल्यापासून."

त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी तो तळाच्या मागच्या बाजूबद्दलही बोलला, ती कशी जाड राहिली होती ते. अप्पा "हां, हां" करत राहिले. महेश्वरीनं संत्र्याच्या फोडी कागदावर मांडून त्याच्यापुढं सरकवल्या.

"अन् थांबला कुठं म्हणालास?"

रुद्रेशनं एक फोड उचलली, हातातच धरली.

"हातभर," तो म्हणाला. त्याहून जवळ चेंडू आणणं त्याला त्या दिवशी जमलं नाही.