वाट बघणारा खेळ

आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, उजवं अंग गेलं ते ऊस तुटायच्या दिवसांत. सकाळी बांधावर बसले होते, उठायला गेले आणि तिथंच कलंडले. बारामतीच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. सणसरला घरी आणलं तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते, पण उजवा हात लाकडासारखा आणि तोंडातून शब्द नाही. ऐकू यायचं, कळायचंही सगळं. बोलायला गेले की घशातून नुसती घरघर यायची. चार लोकांसमोर तशी घरघर करायची लाज वाटून त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पहिले चार-सहा महिने महत्त्वाचे. या दिवसांत बोटं हलली तर हलली, नाहीतर जन्माची तशीच राहतील. जिभेचंही तसंच. त्यांनी एक रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबायला. मालकांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने कुत्र्याला फेकला. व्यायाम कुत्र्याला झाला.

"पडून ऱ्हा तसंच," मी म्हणाले. "तुमचं धुनारी-पुसनारी मी हायच."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी बोलले ते चुकीचं नव्हतं, पण त्याने बोटं काही हलली नाहीत.

त्याच वर्षी आमच्या घरात सून आली होती. तिच्या वडिलांचं बारामतीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मुलीला त्यांनी टीव्ही दिला आणि तिने आपल्या पेटीत टीव्हीवर खेळायचा गेमही आणला. कुणीतरी तो दुकानात दुरुस्तीला टाकून गेला होता आणि न्यायला परत आलाच नाही. काळा डबा, त्याला वायरने जोडलेला रिमोट आणि डब्यात खोचायच्या दोन कॅसेटी. पोरगा कारखान्यावर पाळीला गेला, मी रानात गेले, की ती दुपारची खेळत बसायची. बारावी झालेली बाई टीव्हीतली बाहुली पळवते हे मला पटलं नव्हतं. पण काम उरकलेलं असायचं, म्हणून बोलायला जागा नव्हती.

आता आमच्या घरची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सून सासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्यासमोर बसत नाही. मी माझ्या सासऱ्याशी एकवीस वर्षांत एक शब्द बोलले नाही. सांगायचंच असलं तर दाराआडून मांजराला सांगायचं, "मांजरा, भाकरी झालीया." सासरे उठून हात धुवायचे. मांजर घरात नसलं तरी चालायचं.

एकदा मी रानातून लवकर आले. टीव्ही बाहेरच्या सोप्यात आणि मालकांची खाट पण सोप्यात. सून दाराच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्याने खेळत होती आणि मालक भिंतीकडचं तोंड फिरवून बघत होते. मला बघून तिने रिमोट पाठीमागे लपवला.

"लपवतीस कशाला?" मी म्हणाले. "दे त्यांच्या हातात."

तिने तो माझ्याकडे दिला, मी त्यांना दिला. पहिल्या कॅसेटीत एक माणूस पळत जाऊन खड्ड्यावरून उडी मारायचा. मालकांचा अंगठा दाबेपर्यंत तो खड्ड्यात गेलेला असायचा. तीनदा पडल्यावर त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"आत्या, ह्यो खेळ पळतो," सून मला हळूच म्हणाली. "दुसरा हाय त्यो थांबतो. कितीबी उशीर केला तरी त्यो वाट बघतो."

दुसरी कॅसेट जपानची होती. वर सगळी तिकडची अक्षरं. सुरू केली की एक गाव दिसायचं. चार घरं, एक विहीर, एक राजा, एक देऊळ. आपला माणूस त्या गावात हिंडायचा. डाव्या हाताने दिशा द्यायची आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबायचं. कुणापुढे उभं राहून बटण दाबलं की ते माणूस बोलायचं, म्हणजे खाली चौकटीत अक्षरं उमटायची. आणि ती तशीच राहायची. पुन्हा बटण दाबेपर्यंत पुढचं वाक्य येत नाही. गावाबाहेर रानात गेलं की दर पाच-सात पावलांवर काहीतरी आडवं येई, कधी बेडूक, कधी गांधीलमाशी. तिथेही घाई नाही. आधी आपण मारायचं, मग बेडकाने, मग परत आपण. आपण विचार करत बसलो तर बेडूकही बसून राहतो. अशी भांडणं मी कुठे बघितली नाहीत.

एक बटण दाबायला मालकांच्या अंगठ्याला सुरुवातीला मोजून शंभर अंक लागायचे. तरी चौकट वाट बघायची.

आम्ही मेंढपाळ, मालकांनीही मेंढरं राखलेली. तरुणपणी दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा, कळप आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरायचे. तिथे रातच्याला कुणी गोष्ट सांगायला लागलं की ऐकणाऱ्याने "हं" म्हणायचं असतं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. सांगणारा पुढे जातच नाही. टीव्हीतली माणसं तशीच होती. मालकांच्या तोंडून हुंकार येत नव्हता, तो ते अंगठ्याने द्यायला लागले.

पण वाचायचं कुणी? सून उंबऱ्याशी उभी राहायची, पदर सावरून, नजर टीव्हीकडे. "त्यो पहारेकरी म्हनतोय, वरच्या अंगाला गुहा हाय, तिकडं जाऊ नगा." मालक तिकडेच जायचे. ते वाट चुकले की ती त्यांना काही म्हणायची नाही, टीव्हीतल्या माणसाला म्हणायची. "त्या म्होरच्यानं आता इहिरीकडनं जावं." मालक त्याला विहिरीकडून न्यायचे. माझं मांजर गेलं आणि हिचा हा माणूस आला.

एवढं शिकलीय पोरगी, जपानी पण येतं, असं मला आठ दिवस वाटत होतं. मग एकदा मालकांनी त्याच पहारेकऱ्यापुढे जाऊन पुन्हा बटण दाबलं.

"त्यो म्हनतोय, नदीला पानी आलंया."

मालकांनी डाव्या हाताचं बोट वर केलं आणि सुनेकडे न बघता हलवलं. काल त्याने गुहेचं सांगितलं होतं.

"तुला वाचता येतंय का न्हाय?" मी विचारलं.

"न्हाय, आत्या."

"मग?"

"बापाच्या दुकानात लय खेळलीया. कुठं काय हुतंय ते ठावं हाय. मधलं मी घालतीया."

मालकांचे खांदे हलत होते. अंग गेल्यापासून पहिल्यांदा हसत होते. त्या खेळात गावातला माणूस रोज तेच वाक्य बोलतो, हे त्यांना अक्षरं न वाचता कळलं होतं. तेव्हापासून ते मुद्दाम तिची परीक्षा घ्यायचे. म्हातारीला दोनदा विचारायचे, विहिरीवरच्या पोरीला तीनदा. सुनेला आपलंच सगळं पाठ ठेवावं लागायचं. भाकरी थापताना ती पुटपुटायची, "म्हातारीचा ल्योक हरवलाय, दुकानदाराचा गुडघा दुखतोय."

मला त्या खेळातल्या पुष्कळ गोष्टी पटत नव्हत्या. न विचारता लोकांच्या घरात शिरायचं, रांजणात हात घालून सापडेल ते घ्यायचं आणि घरधनी समोर उभा राहून काही म्हणत नाही. धर्मशाळेत एक झोप काढली की सगळ्या जखमा बऱ्या.

"आसं आसतं तर बारामतीचा दवाखाना बंद पडला असता," मी म्हणाले.

"आत्या, गेम हाय त्यो," सून म्हणाली.

आणि जो मुख्य माणूस, ज्याच्यावर सगळं चाललंय, तो स्वतः एक अक्षर बोलत नाही. सगळे येऊन त्याला सांगतात, तो ऐकतो आणि चालायला लागतो. मी तसं म्हणाले. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि परत टीव्हीकडे बघितलं.

हळूहळू चौघं झाले. पुढे तो मुका, मागे एक दांडगा, मग पांढऱ्या कपड्यांतली एक बाई आणि शेवटी एक म्हातारा. बाई मंत्र म्हणून बाकीच्यांच्या जखमा भरायची. एकामागे एक ओळीने चालायचे, पायवाटेने निघालेल्या मेंढरांसारखे. मालकांनी पहिल्यांदा काय केलं, तर म्हाताऱ्याला शेवटी ठेवायला नकार दिला. शेवटचं जनावर लांडगा उचलतो. सुनेने दाखवलं तसं त्यांनी म्हाताऱ्याला आणि बाईला मध्ये घेतलं आणि दांडग्याला मागे टाकलं. खेळात मागचा तर सुखरूप असतो, पण सुनेने ते मोडलं नाही. पुढे जायचीही त्यांना घाई नव्हती. पहिल्या गावाभोवतीच चौघांना हिंडवायचे, बेडकं मारायचे. जेवढी मारली तेवढी अंगात ताकद येते म्हणे. चारून चारून जनावर धष्टपुष्ट करावं तसं त्यांनी त्या चौघांना केलं. यात महिना-सव्वा महिना गेला आणि अंगठ्याबरोबर शेजारचं बोटही वाकायला लागलं.

मग ते त्या गुहेत गेले आणि पांढरी बाई मेली.

दगडासारखं काहीतरी आडवं आलं, त्याने दोनदा मारलं, ती पडली. लढाई संपली तशी बाकीचे चालायला लागले आणि तिच्या जागी एक तिरडीसारखी पेटी ओळीत मागून यायला लागली. मालक चार पावलं चालले. पेटी चार पावलं आली. त्यांनी रिमोट खाटेवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मी रिमोट दिला, घेतला नाही. मला वाटलं रुसले. पुन्हा दिला, तेव्हा त्यांनी डावा पंजा उघडून दाखवला, मिटला, पुन्हा उघडला. दहा. मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि हसू आलं, तर त्यांनी असं बघितलं की मी पदर तोंडाला लावला. ते सुतक धरत होते. घरातलं माणूस गेल्यावर दहा दिवस आपण औताला हात लावत नाही, मग हे तिघं मढं मागे घेऊन बेडकं मारायला कसे जातील?

खरं सांगायचं तर मला ते बरोबरच वाटलं. "जाऊ द्या धा दिस," मी सुनेला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी चहाची बशी त्यांच्या उजव्या हातात टेकवून बघितली. बोटं वळली नाहीत. चौथ्या दिवशी अंगठाही आखडला. महिनाभराचं कमावलेलं चार दिवसांत चाललं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतले दोन-अडीच महिने संपले होते, ते मी कॅलेंडरवर बघत होते. सूनही बघत होती.

पाचव्या दिवशी दुपारी तिने टीव्ही लावला. आधी उंबऱ्यावरून टीव्हीतल्या माणसाला म्हणाली, "त्या म्होरच्यानं गावात माघारी जावं." खाटेवर हालचाल नाही. दुसऱ्यांदा म्हणाली. मग ती उंबरा ओलांडून आत आली, खाटेच्या उशाशी गेली. मी चुलीपुढे होते, मला सगळं दिसत होतं.

"मामा," ती म्हणाली. "ती मेली न्हाय. मेल्यागत हाय. देवळात नेली की उठतीया. मी बघितलंय."

मालक वळले. सुनेने सरळ हाक मारली होती. मी तिला हटकायला पाहिजे होतं, निदान खोकायला तरी. मी तव्यावरची भाकरी उलटली.

"मी मधलं घालतीया, पर हे घातल्यालं न्हाय," ती म्हणाली. रडवेली झाली होती. "सुतक धरून बसलासा तर ती तितंच ऱ्हानार. तुमी न्हेल्याबगार ती उठत न्हाय, मामा."

ते डाव्या कोपरावर उठले. तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या. आधी घरघर आली. मला वाटलं, आता लाजून थांबतील.

"कु...ठं?" ते म्हणाले.

शब्द असा आला, जसा कुणी चिखलातून पाय काढावा. पण 'कुठं' होता. पोरीने हाताने दाखवलं, "वरच्या गावात, राजवाड्याच्या डाव्या अंगाला," आणि रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला.

मला आनंद झाला, आणि रागही आला, तोही सांगते. चाळीस वर्षं मी यांच्या पुढ्यात भाकरी ठेवली. अडीच महिन्यांनी तोंड उघडलं ते सुनेशी, आणि ते टीव्हीतल्या परक्या बाईसाठी. मी भाकरी घेऊन गेले आणि सुनेला म्हणाले, "उभी काय ऱ्हायलीस? बस खाटंवर. पाय दुखत्याल." ती बसली नाही. मी खांदा धरून बसवली.

देवळापर्यंत जायला त्यांना दोन दिवस लागले. देवळातल्या माणसापुढे बटण दाबलं, काहीतरी वाजलं आणि पेटीच्या जागी पांढरी बाई उभी राहिली. त्यांनी तिला पुन्हा मध्ये घेतलं.

त्यानंतर शब्द येत गेले. धो-धो नाही. 'न्हाय', 'पानी', 'चल', 'खाली'. खेळातल्या कामाचे आधी आले, घरातल्या कामाचे नंतर. त्यांनी मला हाक मारेपर्यंत पावसाळा लागला होता.

सहा महिन्यांनी बारामतीला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी आपला हात पुढे करून "दाबा" म्हटलं. मालकांनी अंगठ्याने असं ठोक ठोक दाबलं की डॉक्टर म्हणाले, "पुरे, पुरे. चेंडूचा व्यायाम चांगला केला की आजोबांनी." मी हो म्हणाले. सून खाली बघत होती. घरातल्या माणसांना शब्द कळतात, डॉक्टर मला म्हणाले, परक्याला कळले तर खरं.

परत येताना स्टँडवर गाडीला वेळ होता. मालक भेळेच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी मागून निघाले होते, सुनेने माझा हात धरला. आम्ही लांबच थांबलो.

"भे...ळ," ते म्हणाले.

भेळवाल्याने कान पुढे केला. "काय म्हनला, आबा?"

त्यांचं तोंड पुन्हा वाकडं झालं. मागे आठ-दहा माणसं उभी होती.

"भेळ. तीन."

"तिखट घालू का?"

"व्हय."

भेळवाला कांदा कापायला लागला, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. त्याला काही विशेष वाटलं नव्हतं. मालकांनी कागद उजव्या हातात घेतला. अर्धी भेळ सदऱ्यावर सांडली. मी पुसायला गेले नाही. भेळ फार तिखट होती, आम्ही तिघांनी ती उभ्यानेच खाल्ली.