शेळीची गोष्ट कुणाची

आमच्या वाचनालयानं धुळाप्पा पुजारीचा गौरव अंक काढायचं ठरवलं आणि पहिला फोन मला आला. "बाई, तुमच्याइतकं त्याला जवळून कोण ओळखतं?" खरं आहे. माणूस ज्याच्यावर जळतो, त्याला फार जवळून ओळखतो. त्याची कुठली गोष्ट कुठल्या अंकात आली, कुणी त्याला भाषणाला बोलावलं, जाताना गाडीभाडं मिळालं की नुसताच गुच्छ, सगळं मला तोंडपाठ आहे. त्याच्या बायकोलाही एवढं ठाऊक नसेल.

तेव्हा मी लिहिते. शाल, नारळ आणि कौतुक बाकीचे आणतीलच.

धुळाप्पा मंद्रूपच्या पुढचा. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. सोलापुरात तो वीज कंपनीच्या एका ठेकेदाराकडे मीटर रीडिंगचं काम करतो. दिवसभर गल्ल्या हिंडायच्या, जिन्याखालच्या मीटरचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि पुढचं दार गाठायचं. अंगानं काटकुळा, आवाज मात्र दोन माणसांचा. डोळ्यांवर निळा गॉगल, तो सावलीतसुद्धा उतरत नाही. लोक त्याला साधाभोळा समजतात, तसा तो अजिबात नाही. कुणी "तुमची गोष्ट आवडली" म्हटलं, की तो विचारतो, "कुटली?" सांगितली, की म्हणतो, "तिच्यापरीस भारी हाय माजी एक," आणि दुसरी तिथंच उभ्यानं सुरू करतो.

जुळे सोलापूर भागातल्या आमच्या घरी तो पहिल्यांदा आला, तेव्हा मीटरच्या आधी त्यानं दारावरची पाटी वाचली. विजयमाला रणदिवे, एम. ए., बी. एड., कथालेखिका.

"कथालेखिका म्हंजे तुमीच व्हय?"

"हो."

"मीबी लिवतो की," तो म्हणाला, जणू आम्ही एकाच गावचे निघालो.

मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. दोन कथासंग्रह नावावर होते. वाटलं, बिचारा कुणीतरी वाट दाखवणारं माणूस शोधतोय. पुढच्या खेपेला तो गोष्टींची चळत घेऊन आला. मी लाल पेन घेतलं. 'हाय' खोडून 'आहे' केलं, 'न्हाय'चं 'नाही' केलं, 'कुटं'ला 'कुठे' केलं. कागद लालेलाल झाले. त्यानं ते डोक्याला लावले, "लई उपकार झालं बाई," म्हणाला आणि गोष्टी होत्या तशाच एका दिवाळी अंकाला पाठवून दिल्या. त्या दिवाळीत त्याची गोष्ट पहिल्या पानावर छापून आली. त्याच अंकाला माझीही गोष्ट गेली होती. पूर्वी 'साभार परत' असं लिहून तरी धाडायचे. आता तेवढेही आभार मानत नाहीत, तुम्ही आपलं ईमेल उघडून बघत बसायचं.

माझं दुखणं काय आहे, ते इथंच सांगून टाकते. मीसुद्धा खेड्यातलीच, वैरागची. 'हाय-न्हाय' करतच वाढले. बी. एड.ला पुण्यात गेले आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाले, "मला ठावं न्हाय." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. शब्दाशब्दाला थांबून, ऐकून, पुन्हा म्हणून मी ती भाषा अंगावरून उतरवली. आणि हा पठ्ठ्या तीच भाषा जशीच्या तशी कागदावर ओततो, आणि त्याला पुरस्कार मिळतो. मला हसू मिळालं आणि याला टाळ्या. मग जळायचं नाही तर काय करायचं?

वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही लिहिणारी मंडळी जमतो. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक टेलर आहे. नवं लिहिलेलं वाचायचं आणि एकमेकांना बरं म्हणायचं, असा आमचा शिरस्ता. मी वाचते तेव्हा शांतता असते. ती ऐकणाऱ्यांची की पेंगणाऱ्यांची, एवढं तीस वर्षं वर्गावर उभ्या राहिलेल्या बाईला कळतं. धुळाप्पा वाचायला लागला, की शिपाई स्टूल सोडून दाराशी येऊन उभा राहतो. एकदा कुणीतरी त्याला विचारलं, "तुम्हाला सुचतं कसं?" तर गॉगल वर सरकवून म्हणतो, "मला कायबी सुचत न्हाय. लोक सांगत्यात, मी लिवतो." लगेच सगळे माना डोलवायला लागले. मी पहाटे उठते, एकेक परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहिते, एका विशेषणासाठी भाजी करपवते. मला कुणी विचारत नाही सुचतं कसं. मला विचारतात, पेन्शन सुरू झाली का.

आणि हा लिहितो तरी कसा? चहाच्या टपरीवर उभा राहून मोबाईलमध्ये बोलतो. मोबाईल ते आपोआप टाइप करतो. तो बोलतो 'न्हाय', मोबाईल उमटवतो 'नाही'. मग हा भर रस्त्यात मोबाईलला शिव्या घालतो. मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि मनापासून खूश झाले. निदान मोबाईल तरी माझ्या बाजूचा होता.

इथवर सगळं मी गिळलं असतं. लेखकांच्यात असं चालायचंच. पण मग मधे माझी आई आली.

आई, मुक्ताबाई, वैरागला एकटी राहायची. परड्यात घसरून पडली, तेव्हा मी तिला सोलापूरला आणली. इथं ती ओसरीतल्या खुर्चीत बसून असते. फारसं बोलत नाही. आली तेव्हा बोलायची. पण माझ्याकडे पाहुणे यायचे, संपादक यायचे, आणि ती मधेच "ह्यो कुटला गं?" असं मोठ्यानं विचारायची. मी तिला हळूच म्हणायचे, "आई, 'हाय' नाही, 'आहे' म्हण." लिहायला बसले की म्हणायचे, "आई, जरा गप बस, तंद्री मोडते." ती गप बसायला लागली. मला वाटलं, वय झालं.

वय कसलं व्हायला! महिन्याच्या महिन्याला धुळाप्पा मीटरचा फोटो काढायचा आणि ओसरीच्या पायरीवर बूड टेकायचा. "काय आजी, बरं हाय का?" एवढं म्हटलं, की आईला कंठ फुटायचा. दोघं तासतास बोलायचे. त्याला चहा मोठ्या कपातून, मला विचारायचं सुद्धा नाही. तो मेंढरांच्या गोष्टी सांगायचा, ती वैरागच्या बाजाराच्या. आत टेबलाशी बसलेल्या मला आईचं हसू ऐकू यायचं. हे हसू मी शेवटचं कधी ऐकलं, ते आठवेना. गोष्ट लिहायला बसलेली मी, पण माझं सगळं लक्ष ओसरीवर असायचं.

एका दुपारी आई त्याला सांगत होती, "आमच्या शेजारची गोजरबाय आन माजा आबोला. कशावरनं त्ये आता ध्यानात न्हाय. पर मधी एकच भित. बोलल्याबगार भागतंय व्हय? मग मी आमच्या शेळीला म्हनायची, शेळे, सांग तिला, तिच्या चुलीवरचं दूद उतू चाललंय. ती तिकडनं म्हनायची, शेळे, सांग तिला, दूद माजं, चूल माजी, जाऊ दे उतू."

धुळाप्पा खिदळत होता. "आन शेळी काय म्हनायची?"

"ती काय म्हनंल? दोगींकडचाबी पाला खायाची."

मग आईचा आवाज खाली आला. "एका बाजारला आमच्या मालकांनी शेळी इकली. भितीच्या हिकडं मी, तिकडं ती. कुनीच बोलंना. दूद उतू गेलं तरी कुनी सांगंना. मग एक दिस गोजरबायनं भितीवरनं मुंडकं काडलं आन म्हनली, मुक्ते, आता गं आपुन कसं बोलायचं?"

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी त्याच घरात वाढले, ती भिंत, ते परडं मला पाठ आहे. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आई माझी, ओसरी माझी, चहा माझा, आणि गोष्ट याला! आयत्या बिळावर नागोबा!

तो निघाला तशी मी फाटकाशी गाठला.

"धुळाप्पा, ती शेळीची गोष्ट तू लिहायची नाहीस. ती माझी आहे."

त्यानं पहिल्यांदाच गॉगल काढला. त्याचे डोळे ओले होते, याचाही मला राग आला.

"बरं बाई. न्हाय लिवत. तुमची आई हाय."

"शपथ घे."

"बिरोबाची आन," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला.

त्यानं शब्द पाळला. लोक याला मन मोठं म्हणतील. मी म्हणत नाही. ज्याच्या घरी पोती भरलेली आहेत, त्यानं मूठभर ज्वारी सोडली तर त्यात कसला मोठेपणा? त्याच्याकडे रोज शंभर ओसऱ्या होत्या. माझ्याकडे ही एकच होती.

उन्हाळाभर मी ती गोष्ट लिहिली. आयुष्यात एवढी मेहनत कशावर घेतली नाही. पहिल्यांदा शेळीच ठेवली होती, पण ती जरा हलकी वाटायला लागली. गाय केली. तिचं नाव कपिला. मुक्ता आणि गोजरबाईच्या सुमती आणि वत्सला झाल्या. परड्याची भिंत काढून जाईचं कुंपण लावलं. "कपिले, तिला सांग, तिच्या चुलीवरचे दूध उतू जात आहे," असं सुमती म्हणते आणि संध्याकाळ दाटून येते. शेवटी वत्सला म्हणते, "सुमती, आता आपण संवाद तरी कसा साधायचा?" हे वाक्य लिहून मी खूप वेळ त्याच्याकडे बघत बसले होते. मला ते धुळाप्पाच्या सगळ्या गोष्टींच्या वरचढ वाटलं.

गोष्ट पुण्याच्या एका दिवाळी अंकानं घेतली. किती वर्षांनी! संपादकांनी कळवलं, भाषा फार नितळ आहे. अंक आला त्याच सुमाराला धुळाप्पाला मोठा पुरस्कार जाहीर झाला, पण त्या दिवशी मला त्याचंही काही वाटलं नाही. माझ्याकडे आईची गोष्ट होती आणि ती माझ्या नावानं छापलेली होती.

ती सगळ्यांत आधी आईलाच वाचून दाखवायची, असं मी ठरवलं होतं. दुपारी ओसरीत तिच्या खुर्चीसमोर खुर्ची घेतली. आई पदर नीट करून, हात मांडीवर ठेवून बसली. डॉक्टरकडे बसते ना, तशी. मी वाचलं. मधे मधे तिच्याकडे बघत होते, आता हसेल, आता डोळ्याला पदर लावेल. ती एकदाही हलली नाही. वाचून संपलं.

"कशी वाटली?"

"चांगली हाय."

"आवडली?"

"लई सुद्द लिवलंयस." मग तिनं विचारलं, "ह्या बायका कुटल्या गं? पुन्याकडच्या व्हय?"

मी अंकात बघितलं, जणू तिथं उत्तर छापलं होतं.

"आन गाईला कशाला मधी घातलं त्यांनी? गाय कुनाचं आयकती व्हय? आपल्याच नादात आसती." आईला काहीतरी आठवलं. चेहरा उजळला. "आमच्यातबी आसंच झालतं एकदा. पर ती शेळीची हाय."

"कुठली, आई?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला. "मला सांग ना. मला सांग की."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातला अंक जपून मिटवला.

"आगं, लई लांबडी हाय ती. तुला कुटं येळ आसतोय? धुळाप्पाला समदी ठावं हाय. त्याला इचार, तो सांगंल तुला."