दुखण्यापुरती मावशी

दारात आली की ती आधी तळहात एकमेकांवर खसाखसा घासायची, मग गालाला लावून बघायची. “थंड हात लागला की बाई दचकती,” म्हणायची. हात तापल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे.

सातपूरच्या आमच्या कॉलनीत तिला सगळे मावशी म्हणत. एका वर्कशॉपमध्ये ती पॅकिंगला होती. शिफ्ट सुटली की कुठल्या ना कुठल्या बाळंतिणीकडून बोलावणं आलेलं असायचंच. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिला आपण कधी बोलावतो आणि कधी नाही, तेवढं आठवून बघा.

माझी आई नसल्याने माझं बाळंतपण सासरीच झालं. दवाखान्यातून घरी आले आणि दूध दाटून छाती दगडासारखी झाली. मुलीला तोंडात धरता येईना. ती रडे, मीही रडे. शेवटी सासूबाईंनीच मावशीला बोलावलं.

“गंगापूर धरण भरलंय की तुझं!” मावशी म्हणाली. “जरासंच दार उघडू. सगळं सोडलं तर अजून भरंल.”

दुखत असतानाही मला हसू आलं. तिने कोमट पाण्यात पिळलेला कपडा ठेवला, मग बोटांनी हलकेच, ताण उतरेल एवढंच दूध काढलं. पुढचा भाग मऊ झाला तशी मुलीने पकड घेतली. “पी गं बाई, तुझंच हाय,” मावशी तिला म्हणाली. पिणं झाल्यावर तिने गार कपडा ठेवला आणि उठताना बजावलं, “ताप आला, लाल झालं, तर मला नाय, डॉक्टरीणबाईंना दाखव.”

हे कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं.

“माझं बाळ गेलं बारशाच्या आधी. पण दुधाला कोण सांगणार? ते येतच राह्यलं. तवा दवाखान्यातल्या सिस्टरनं माझी छाती अशीच मोकळी केली.” ती तळहाताकडे बघत होती. “नाव बी नव्हतं ठेवलं. आठवण आली तर हाक काय मारायची?”

मुलीच्या बारशाला पाळण्याखालून बाळ घ्यायला एका बाजूला मावशीच हवी, असं मी ठरवलं. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. शिकलेल्या सुनेचं सासूबाई ऐकतील, अशी माझी समजूत होती.

“तिच्या हातात पोरगी नको,” सासूबाई म्हणाल्या. “तिचं बारशाआधीच गेलंय.”

“मग माझ्या छातीला तिचा हात कसा चालला, आई?”

“ते वेगळं. ते दुखणं होतं.”

तरी मी बोलावलं. मावशी इस्त्रीची साडी नेसून आली. जुन्या मऊ लुगड्याचं टोपडं शिवून आणलं होतं. पाळण्यापाशी मी सगळ्यांदेखत हाक मारली, “मावशी, या ना.” ती उठली. हात घासायला लागली. तेवढ्यात सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, “तुम्ही बसा हो, पाय दुखतात ना तुमचे,” आणि शेजारच्या काकूंना पुढे केलं. मावशी बसली. तिचे पाय दुखतात, हे तिलाही तेव्हाच कळलं असावं.

त्या दुपारी मुलगी या हातातून त्या हातात फिरत राहिली. पाजायला कोणी आणून देईना. मी मागितली की, “थांब गं, आत्ता तर हसतेय,” असं व्हायचं. शेवटी आणली तेव्हा माझी छाती पुन्हा दगड झाली होती आणि ती घर डोक्यावर घेत होती. आता सासूबाईच बाहेर धावल्या. “मावशी, जरा आत या हो.”

मावशी आत आली. सगळं पहिल्यासारखंच केलं. फक्त मुलीशी एक शब्द बोलली नाही.

जाताना सासूबाईंनी मागच्या दारात तिच्या हातावर घुगऱ्यांची पिशवी ठेवली. बाकीच्या बायका पुढच्या खोलीत ओटी भरून घेत होत्या. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, “दुखण्याला चालते मी. पाळण्याला नाय.”

पुढे नणंद बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिचीही छाती दाटली. सासूबाई मला घेऊन मावशीच्या दारात गेल्या. मावशी पदराखाली हात धरून उभी राहिली.

“माझे हात आता गरम होत नायत.”

“असं काय करता? पोरगी तळमळतेय माझी.”

“हिला येतं,” तिने माझ्याकडे मान वळवली. “हिच्यावरच केलंय ना मी.” आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.

मी घरी जाऊन हात घासले. नणंदेला आराम पडला. तिच्या बाळाचं बारसं होईपर्यंत मावशी घोटीला भावाकडे निघून गेली होती. तिच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं.

आता कॉलनीतल्या बाळंतिणी मला बोलावतात. बारशालाही आठवणीने बोलावतात, पाळण्याजवळ उभं करतात, बाळ माझ्या हातात देतात. माझी मुलगी जिवंत आहे ना.