उज्वलाबाईंचं कोण ऐकतं

एकवीस वर्षं उज्वला आहेर यांना घराबाहेर कुणी नावानं हाक मारली नव्हती. नाशिकच्या सिडकोतल्या एका मराठी शाळेत त्या पहिलीच्या बाई होत्या, आणि बाई म्हटलं की झालं. भाजीवाला बाईंना कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त घालायचा. वहीवर लाल शाईनं 'पालकांनी भेटावे' एवढं लिहिलं, की दुसऱ्या दिवशी बाप कामावर खाडा करून शाळेच्या दारात उभा.

मग सासूबाईंची, सगुणाबाईंची, उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली. यजमान रंगनाथराव अंबडच्या कंपनीत पाळीवर. त्यांना कुणी म्हणालं नाही, की तुम्ही घरी बसा. बाईंनी राजीनामा दिला, शाल-श्रीफळ घेतलं आणि घरी आल्या. चार महिन्यांत शेजारणीनं आपलं लेकरू दिवसभर सांभाळायला आणून ठेवलं, तिचं बघून दुसरीनं, आणि वर्षाच्या आत हॉलमध्ये सहा पोरांचं पाळणाघर उभं राहिलं. बाईंची मावशी झाली. त्यात वाईट काही नव्हतं. देवानं दिलेलं काम, खडू काय आणि लंगोट काय.

शाळेची सवय मात्र सुटली नाही. पोरं झोपवायची तर मांडीवर घेऊन बेचा पाढा म्हणायचा. संध्याकाळी साडेसहाला देवापुढे निरांजन लावून घंटी वाजवायची. घंटी वाजली, की खेळ टाकून सगळी पोरं देव्हाऱ्याकडे पळत, कारण मागून खडीसाखर मिळे.

एकटी सायली पळत नसे. बाकीचे पळताना दिसले, की मग उठायची.

सायली बोरस्ते पावणेदोन वर्षांची. आई राखी बँकेत, बाप हर्षल पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर. गुणी पोर, रडं नाही की हट्ट नाही. कुकरची शिट्टी झाली की पाळण्यातली दोन्ही बाळं दचकून रडायची, सायली पालथी झोपलेली ती झोपलेलीच. बाईंनी एकदा मुद्दाम तिच्या पाठीमागे स्टीलची ताटली पाडली. सायली ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली. पाढा म्हणताना ती बाईंच्या गळ्यावर तळवा टेकवायची आणि डोळे मिटायची. लाड म्हणून बाईंना ते गोड वाटत होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी पाढा म्हणताना स्वतःच्याच गळ्यावर हात ठेवून पाहिला. तळव्याला आवाजाची थरथर लागली.

खाटेवरून सगुणाबाईंनी सगळं पाहिलं होतं. त्या बागलाणच्या. जीभ जड झाली तरी बोली तीच. "त्या पोरले ऐकू येस नही," त्या म्हणाल्या.

"आई, असं एकदम बोलू नका."

"मग कसं बोलू? दमानी बोलू? तिले तसंबी नही, असंबी नही."

एकवीस वर्षांत बाईंनी अशी तीन मुलं ओळखली होती. तिघांनाही वेळेवर कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक आता नोकरीला आहे. ऐकण्याचं यंत्र लवकर लागलं तर बोलणं येतं, उशीर झाला तर वाट बुजत जाते, हे त्यांना पाठ होतं. पण राखीला तोंडावर सांगायचं धाडस होईना. मग हातानं जे येत होतं तेच केलं. वहीचा कागद फाडला, लाल पेनानं लिहिलं, 'पालकांनी भेटावे', आणि ती चिठ्ठी सायलीच्या डब्याच्या पिशवीत सरकवली.

दुसऱ्या दिवशी राखी चिठ्ठी हातात घेऊनच आली, हसत. "मावशी, अहो रोज दोनदा भेटते की मी तुम्हाला. हे काय काढलंत?"

बाईंनी तिला आत नेलं, हात धरून सांगितलं. राखीचं हसू ओठांवरच राहिलं.

"तिला ऐकू येतं," ती म्हणाली. "मी दारात आले की वळते ती."

"तू दारात आलीस की उजेड अडतो, बाळा. ती ते बघते. एकदा तपासून तर आणा."

"मावशी, तुम्ही आता शाळेत नाही आहात," राखी हळूच म्हणाली. उद्धटपणे नाही, आठवण करून द्यावी तसं.

रविवारी संध्याकाळी बोरस्ते मंडळी आली. हर्षल, राखी आणि लासलगावजवळच्या गावाहून खास आलेल्या हर्षलच्या आई सुलाबाई. बसल्या बसल्या त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"लाल शाईनं लिवलं तुम्ही. पोरगी नापास झाली का काय?"

"तसं नव्हतं हो म्हणायचं."

"आमचा हर्षल साडेतीन वर्साचा झाला तवा बोलला. आता बघा, गप बसवावं लागतं." हर्षलनं मान खाली घातली आणि सगळे हसले.

"मावशी, सगळ्यांसमोरच मागून काहीतरी वाजवून बघा ना," हर्षल म्हणाला. "वळली नाही तर उद्या नेतो डॉक्टरकडे. शब्द देतो."

एवढंच हवं होतं. सायली भिंतीकडे तोंड करून ठोकळे रचत बसली होती. बाई देव्हाऱ्याकडे गेल्या. साडेसहाची वेळ, हाताला वळण ते वळण. दिव्याशिवाय घंटी वाजवायची हे त्यांना जन्मात कधी सुचलं नव्हतं. त्यांनी निरांजन लावलं, नमस्कार केला, घंटी उचलली आणि वाजवली.

सायलीच्या समोरच्या भिंतीवर त्यांच्या हाताची लांबलचक सावली हलली. सायलीनं सावली पाहिली, वळली, आणि खडीसाखरेसाठी ओंजळ पुढे करून हसली.

राखीनं तोंडाला पदर लावला. तिला रडू आलं होतं, सुटकेचं.

"सावली बघून वळली हो ती," बाई म्हणाल्या. "थांबा, दिवा मालवते, परत..."

"लागलेला दिवा मालवता?" सुलाबाई म्हणाल्या. "पोरगी वळली तरी तुमचं समाधान नाय?"

बाईंचा हात निरांजनापाशी जाऊन थांबला. फुंकर घालायला ओठ उघडेनात. खाटेवरून सगुणाबाई काहीतरी बोलल्या, पण त्यांचं बोलणं घरच्यांशिवाय कुणाला समजत नसे. मंडळी चहा घेऊन गेली.

सोमवारी सायली आली नाही. सुलाबाई नाशकातच राहिल्या, नातीला सांभाळायला. बाईंनी फोन केले. राखीनं दोन उचलले, तिसरा नाही. रंगनाथराव जेवताना म्हणाले, "सांगायचं ते सांगितलंस. पोर त्यांची आहे. घरात घुसून उचलून नेणार आहेस का?" बाई रोज देवापुढे तेवढंच मागत, त्यांना बुद्धी दे. आणि रोज घंटी वाजवताना मनात येई, बुद्धी त्या दिवशी माझी कुठे गेली होती?

नवरात्र झालं आणि सुलाबाई आल्या, कडेवर सायली, हातात प्रसादाचा पुडा. रागाचा मागमूस नव्हता.

"गडावर जाऊन आलो. देवीला घंटा वाहिली. नवस असा, की पोरगी बोलली की वाहायची. पण म्हटलं, आपण आधी इस्वास दाखवू, मग देवीबी दाखवंल."

घंटा. बाईंनी प्रसाद कपाळाला लावला. मग दोन्ही हात जोडले. "सुलाबाई, पाया पडते तुमच्या. देवीचं देवीकडे. एकदा फक्त कानाच्या डॉक्टरांना..."

"ताई, तुम्ही रोज घंटी वाजवता. देवीच्या दारात सांगून आलो, आता डॉक्टरच्या दारात जाऊन सांगू का, की देवीवर भरवसा नाय आमचा? तुम्ही गेला असता?"

आपण गेलो असतो, आणि जाताना देवीलाही हात जोडले असते, हे बाईंना ठाऊक होतं. पण ते कसं सांगायचं, ते सुचेना. पहिलीच्या वर्गाला त्यांनी याहून अवघड गोष्टी समजावल्या होत्या.

सायलीनं आजीच्या कडेवरून हात पसरले. बाईंनी तिला मांडीवर घेतलं. जवळजवळ दीड महिन्यानं भेटत होती, तरी पोर विसरली नव्हती. तिनं तळवा बाईंच्या गळ्यावर टेकवला आणि वाट बघत राहिली.

"बे एके बे," बाई म्हणू लागल्या. "बे दुणे चार. बे त्रिक सहा."

सायलीनं डोळे मिटले.

"बघा," सुलाबाई कौतुकानं म्हणाल्या, "कशी मन लावून ऐकतीय."

बाईंना थांबून सांगायचं होतं, पण पाढा मध्येच तोडला तर तो तळवा गळ्यावरून निघाला असता. त्या म्हणत राहिल्या. बे दाहे वीस झालं, आणि त्यांनी पुन्हा बे एकेपासून धरलं.