कळंबच्या पडद्यावरचं पाऊल

मुलांनो, हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या तुमच्या आजोबांना तर नाहीच नाही. तुम्ही दूर आहात म्हणून लिहिता येतंय — समोर असता तर मी चहा टाकायला उठून गेले असते.

मीराने विचारलं, स्लाइड्स दाखवून बोलायचं म्हटलं की मी अडखळते. आजी, तू कसं करायचीस? आपल्या घरात हे ठरूनच गेलंय ना — आजोबांना चारचौघांत बोलता येत नसे, आजी मात्र सगळं गाव खिळवून ठेवायची. ते खरंच आहे. पण कशाने खिळवायची, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. आजोबा इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टर होते. आमच्या भागात तेव्हा नारू फार. दोऱ्यासारखा लांब किडा, पायाला फोड येऊन बाहेर पडायचा. बायका पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागरी भरत. दुखरा पाय पाण्यात गेला की नारूची पिल्लं पाण्यात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात पुढच्या वर्षीचा नारू. हे गावोगाव समजावून सांगायला आजोबांना पुण्याहून एक मॅजिक लँटर्न मिळाला. रॉकेलच्या दिव्यापुढे काचेवरचं चित्र सरकवायचं. समोर ताणून बांधलेल्या धोतरावर ते हे एवढं मोठं होऊन पडायचं.

वरकुट्याला आजोबा पहिल्यांदा बोलले. म्हणजे काय, तर लोकांकडे पाठ केली आणि चित्राकडे बघत हातातला कागद वाचला. मागून कुणीतरी म्हणालं, "डाक्तर धोतराशी बोलत्यात रं, चला घरला." सगळे हसत उठले. परतताना गाडीत त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मला त्यांची कीव आली, आणि — लिहूनच टाकते — आनंदही झाला. पुण्याला शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवून मी इंदापुरात भाकऱ्या थापत होते.

पुढच्या गावापासून ते काचा सरकवू लागले, मी बोलू लागले. तेव्हा मीरा, घे हे आजीकडून. चित्राकडे नाही, माणसांच्या डोळ्यांकडे बघ. आता काय दिसणार ते आधी सांग, मग चित्र दाखव. आणि चित्र पडलं की गप्प राहा. लोकांना ते पोटभर बघू दे. आपण मध्ये बोललो की ते ना धड बघतात, ना धड ऐकतात.

लोक बसू लागले. तरी एक उणं होतं. आमच्या काचेवरचा पाय परदेशातला होता, गोरा. "ह्यो सायबाचा पाय हाय. सायबाला व्हईना का नारू, आमाला काय त्याचं?" एवढं कुणी म्हटलं की माझं सगळं बोलणं वाया. मला इथला पाय हवा होता.

आता सखूचं सांगायला हवं. किती वेळ टाळतेय, बघताय ना?

सखू कळंबची सून, इंदापूर तिचं माहेर. माहेरी आली की सासरच्यांना न सांगता दवाखान्यात यायची. परक्या पुरुषाच्या हातात सुनेने पाय द्यायचा, हे तिच्या सासूला कधी चाललं नसतं. आजोबा तिचा नारू काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत. तो तुटू द्यायचा नसतो. तुटला तर आत पू होतो. ते काम चालू असताना मी तिच्याशी बोलत बसायची. एकदा मी विचारलं, तुम्ही सगळ्या एवढा पदर ओढता, मग एकमेकींना ओळखता कशा? ती खुदकन हसली. "पायावरनं की वो बाई! पदराखालनं पायच दिसत्यात आमाला. तोंड चुकंल, पाऊल न्हाय चुकायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून आजोबांनी तिच्या पायाचा फोटो काढवून घेतला. ती नको म्हणत होती. मीच तिचा हात धरून म्हटलं, गावात हा कुणाच्या नजरेला पडणार नाही, माझ्यावर सोड. तिने सोडलं.

पुढे बारामतीला गेले असताना मी त्याच फोटोची काच करून आणली. आजोबांना विचारलं नाही. काचांच्या पेटीत ती कुठे ठेवली, हेही सांगितलं नाही.

कळंबला देवळापुढे सभा भरली. दिवेलागण झाली होती. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका. त्या दिवशी मी इतकी छान बोलले, की पुन्हा कधी तशी बोलले नाही. मी म्हटलं, "तुमच्या विहिरीत नारू आभाळातून पडत नाही. तुमच्यातल्याच एखादीच्या पायाने तो उतरतो. बघा, हा पाय." आजोबांनी पुढची काच सरकवली, आणि आपणच दचकले. धोतरावर सखूचं पाऊल. घोट्यावर गोंदलेली तुळस, फोडातून लोंबणारा नारू, आणि टाचेखाली एका पुरुषाचा हात — त्यांचाच.

बायकांतून एक म्हातारी ओरडली, "आगं, ह्ये तर आमच्या सखूचं पाऊल! आन् हात कुणाचा गं ह्यो?" मग सासूचा आवाज — "ह्याच पायानं हिरीत उतरत व्हतीस व्हय गं, सटवे?" त्या वर्षी गावात बरेचजण नारूने खाटेवर होते. आपल्याला हे कुणी दिलं, ते सगळ्यांना एकदमच कळलं. मीच तर सांगितलं होतं.

तिला विहीर बंद झाली. ती पाणी कालव्यावरून आणू लागली, लंगडत.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही गाडीत सामान चढवत होतो, तेव्हा ती आली. मलाच विचारलं, "बाई, त्यो फोटू कुणी घातला?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी. मला ठाऊक नव्हतं."

आजोबा माझ्या मागेच पेटीला दोरी बांधत होते. त्यांनी ऐकलं. वर बघितलं, तेही माझ्याकडे नाही, तिच्याकडे. म्हणाले, "चूक झाली."

ती म्हणाली, "तुमच्या हातात पाय दिला व्हता म्या, डाक्तर."

ती पुन्हा दवाखान्यात आली नाही. कळंबची कुठलीच बाई आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिला दुसरा नारू झाला. तो घरीच ओढला, तुटला, पाय सडला आणि घोटा कायमचा आखडला. आजोबांनी लँटर्न पुण्याला परत पाठवला. लोक समजले, डॉक्टरांना बोलता येत नाही म्हणून. मीही तसंच समजू दिलं.

त्या सकाळी गाडीत त्यांनी एकच विचारलं होतं — "त्या बायका पाय ओळखतील, हे तुला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "नुसता पाय तर होता. चेहरा कुठे होता?"

मला ठाऊक होतं. सखूनेच सांगितलं होतं. आणि ती तिथेच होती — बायकांत अगदी पुढे, पदर जरा सरकवून माझ्याकडे कौतुकाने बघत. सभा सुरू होण्याआधीच मी तिला पाहिलं होतं. काच पेटीतून काढून घ्यायला वेळ होता. चित्र पडल्यावरही हात लांब केला असता तर दिव्यापुढे धरून ते झाकता आलं असतं. पण सगळं गाव श्वास धरून बसलं होतं, आणि चित्र पडलं की गप्प राहायचं, हा माझा नियम.

मी गप्प राहिले. त्यांना पोटभर बघू दिलं.