फोटोआधी झाडलेली बाग

"थांब, येवढा साफ करतो, मंग काढ."

मी कॅमेरा डोळ्याला लावला की बागेचे माळीकाका हे म्हणायचे आणि कोयती घेऊन थेट चौकटीत शिरायचे. ज्या गवतावर ऊन पडावं म्हणून मी अर्धा तास ताटकळलेलो असायचो, ते गवत पुढच्या मिनिटाला काकांच्या काखेत असायचं.

मी पोटापुरता फोटोवाला. वालीवच्या कारखान्यांसाठी नटबोल्टांचे फोटो काढतो, हंगामात लग्नांचे. पण खरा जीव काळ्यापांढऱ्या फोटोंत. त्यामुळे वसईकडच्या एका गावातल्या जुन्या बागेच्या मालकीणबाईंचा कॅनडातून फोन आला तेव्हा मी हरखलो. बाई म्हणाल्या, "बाग ओसाड झालीय, बघणारं कोणी उरलं नाही. विकून टाकावी म्हणते. त्याआधी आठवण म्हणून फोटो हवेत. काळेपांढरे." ओसाड हा शब्द ऐकून मला आनंद झाला, हे कबूल केलेलं बरं. आम्ही फोटोवाले तसे जरा निर्दयच असतो.

बाग शे-दीडशे वर्षांची तरी असावी. मधला दगडी हौद पोर्तुगीजांच्या वेळचा, असं गाव म्हणायचं. काकांच्या मते तो त्याहूनही जुना, कारण त्यांच्या आजोबांनीही तो जुनाच पाहिला होता. काका खाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातले. मिसरूड फुटायच्या वयात बागेत कामाला आले ते मागच्या खोलीतच राहिले. आता ऐंशी उलटली होती, गुडघे गेले होते, म्हणून गवत माजलं होतं. तरी मी येणार म्हटलं की त्यांच्या अंगात कुठून बळ यायचं, देव जाणे.

पहिल्या दिवशी मी हौदावरचं शेवाळ हेरून ठेवलं. दुसऱ्या सकाळी जातो तर काकांनी नारळाच्या काथ्याने हौद घासून लख्ख केलेला.

"काका, हे काय केलंत?"

"पाव्हन्याला घानेरडा हौद दाखवते काय कोन?"

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. रांगेतल्या सगळ्या बकुळींच्या बुंध्यांना खाली गेरू आणि त्यावर चुन्याचा पट्टा. काळ्यापांढऱ्या फोटोत गेरू काळा उतरतो. त्यामुळे माझ्या बकुळी काळे बूट आणि पांढरे मोजे घालून कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या दिसू लागल्या. "तू काला-पांढरा काढतो ना? म्हनून मुद्दाम केला," काका म्हणाले. त्यांना शाबासकी हवी होती. मी डोक्याला हात लावला.

एकदा त्यांना जास्वंदीचा फोटो दाखवला. बराच वेळ त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ही जलली कशी?" म्हणाले. लाल रंग असाच काळा येतो, रंग काढला की झाडाचं खरं रूप दिसतं, वगैरे मी बरंच ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने मला लिहायला लावलं, 'फूल लाल आहे'.

शेवटी एके दिवशी माझा तोल गेला. वेलीने वेढलेलं दगडी बाकडं मी आदल्या संध्याकाळी पाहून ठेवलं होतं, आणि सकाळी त्याच्यावर एक पानही नव्हतं. मी म्हणालो, "काका, मला ओसाड बागच हवीय. आता कशाला हात लावू नका."

काका त्या बाकड्यावर बसले. कोयती मांडीवर आडवी ठेवली.

"फोटोत गवत दिसला तर ती कॅनडातली म्हननार, हितं बघनारा कोन नाय. नि मी हाय ना."

"मग फोनवर सांगा ना तसं."

"फोनवर कोनपन सांगेल. डोल्यांनी दिसाय पायजे."

मला माझी लाज वाटली. इतके दिवस मी त्यांचं नसणं टिपायला धडपडत होतो आणि ते बिचारे गुडघे धरून माझ्याआधी तिथे पोचत होते.

त्यानंतर मी गवत शोधणं सोडलं. बाईंना लख्ख हौद पाठवला, मोजेवाल्या बकुळी पाठवल्या, आणि चौकटीत घुसलेले काकाही पाठवले, पाठमोरे, काखेत गवत घेतलेले. बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "काका अजून करतात हे सगळं?"

"रोज," मी थोडं वाढवून सांगितलं.

"मग ते आहेत तोवर नाही विकत."

मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग उभा काय राहिलास? ती फांदी धर."

काका गेल्या थंडीत गेले. सकाळी चहाला आले नाहीत म्हणून शेजाऱ्यांनी दार ढकललं, तर ते झोपेतच गेले होते. गावाने सगळं रीतीप्रमाणे केलं. कॅनडाला कळवायचं काम मात्र ज्याने त्याने दुसऱ्यावर सोपवलं, आणि अजून कुणीच केलेलं नाही.

रविवारी आम्ही चारपाच जण बागेत जातो. मला कोयती नीट धरता येत नाही, बोटं कापून घेतो. काम झालं की फोटो काढून बाईंना पाठवतो. परवा त्यांचा फोन आला. "बाग सुरेख राखलीय. काका कसे आहेत?"

"बरे आहेत. गुडघे तेवढे दुखतात," मी म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर बकुळीखाली बसून रडलो.

गावाचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. तरी तुम्हाला ओळखू आलं आणि कधी बाईंशी गाठ पडली, तर एवढी मेहेरबानी करा. काका बरे आहेत म्हणून सांगा.